दारासमोरची जागा

झाशीच्या जुन्या शहरात, लक्ष्मी दरवाजाच्या आतल्या बाजूच्या एका गल्लीत काका आणि काकू राहतात. घर वडिलोपार्जित आहे. पूर्वज मराठ्यांच्या अमदानीत इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी झाशीतल्या जुन्या मराठी घरांची जी रीत, तीच यांचीही. शेजारीपाजारी त्यांना 'काकाजी' आणि 'काकीजी' म्हणतात.

लक्ष्मी दरवाजा हा जुन्या नगरकोटाच्या दरवाजांपैकी एक. इथून बाहेर पडले की वाट लक्ष्मी तलावाकडे आणि महालक्ष्मीच्या देवळाकडे जाते. राणी लक्ष्मीबाई याच देवळात दर्शनाला जात असत. तलावाजवळच १८५३ मध्ये वारलेल्या गंगाधररावांची छत्री आहे. दरवाजाच्या आतल्या गल्ल्या त्या काळच्याच. एक पालखी जावी, एखादा घोडेस्वार बाजूने निघावा, इतपत त्यांची रुंदी. मोटारीचा विचार करून त्या कुणी आखलेल्या नव्हत्या. पण मोटारी आल्या आणि गल्लीतच उभ्या राहू लागल्या.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. स्वभाव शिस्तीचा, अक्षर सुवाच्य, अर्ज लिहिण्याचा हातखंडा. निवृत्तीनंतर त्यांच्या अर्जांचा मुख्य विषय एकच झाला, तो म्हणजे समोरच्या तरुणाचा लोडर. हा तरुण भाजीमंडईत माल पोहोचवायचा. पहाटे तीन वाजता लोडर घेऊन जायचा, दुपारी परत यायचा आणि लोडर आपल्या दारासमोर लावून झोपायचा. काकांना ते मुळीच खपत नसे.

"रस्ता काय याच्या बापाचा आहे?" ते संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणत.

काकू आतून उत्तर देत, "अहो, तो निदान पहाटे निघून तरी जातो."

या बोलण्यातली खोच काका ऐकूनही ऐकत नसत. कारण लोडरच्या जवळजवळ समोर, काकांच्या भिंतीला लागून त्यांची स्वतःची पांढरी मारुती ८०० उभी होती, आणि ती सात वर्षांत एकदाही हलली नव्हती.

एक गाडी, एक घर

ही गाडी २००१ मध्ये आली. काकांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून ती घेतली होती. घरातली पहिली चारचाकी. आईला छातीत दुखू लागले तेव्हा काकांनी याच गाडीतून तिला रात्रीत ग्वाल्हेरला नेले होते. मुलीची पाठवणी याच गाडीतून झाली. दर दसऱ्याला काकू बॉनेटवर हळदकुंकू वाहत, झेंडूची माळ घालत आणि चाकाखाली लिंबू ठेवत.

२०१६ मध्ये गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे संपली. त्याच सुमारास काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रिया झाली, पण रात्री गाडी चालवण्याची हिंमत पुन्हा झाली नाही. नोंदणीचे नूतनीकरण राहिले, मग विमा राहिला, मग बॅटरी उतरली. पुण्यातला मुलगा म्हणाला, "बाबा, विकून टाका." काका म्हणाले, "बघू." बघता बघता टायर जमिनीला टेकले. मांजरी खाली व्याल्या. काकांनी वर ताडपत्रीचे आच्छादन घातले आणि आपण गाडीची काळजी घेतो आहोत, असे समाधान मानले.

गाडी आपल्या दारासमोर, आपल्या भिंतीला लागून आहे, मग ती कुणाला खुपण्याचे कारण काय? असे त्यांना मनापासून वाटे. लोडर म्हणजे अडथळा, आणि मारुती म्हणजे घराचाच एक भाग!

ती थंडीची रात्र

जानेवारीतली रात्र होती. साडेदहाच्या सुमारास काकू दूध गरम करायला उठल्या आणि पातेले हातातून सुटले. काका धावत गेले. काकूंचे तोंड एका बाजूला ओढले गेले होते, डावा हात लुळा पडला होता, शब्द जड येत होते. काकांनी शेजाऱ्याला हाक मारली. त्याच्या मुलाने ताबडतोब १०८ क्रमांकावर फोन केला.

रुग्णवाहिका लवकर आली. पण गल्लीच्या वळणावर येऊन थांबली, कारण पुढे एका बाजूला लोडर आणि दुसऱ्या बाजूला मारुती होती. मधून स्कूटर निघाली असती, रुग्णवाहिका निघणे शक्य नव्हते.

कुणीतरी लोडरवाल्याचे दार ठोठावले. तो झोपेतून उठून तसाच अनवाणी बाहेर आला, किल्ली फिरवली आणि एका मिनिटात लोडर गल्लीबाहेर नेला. तरीही रस्ता पुरेसा मोकळा होईना. मारुती भिंतीपासून बरीच पुढे आलेली होती. काका किल्ली शोधू लागले. ती सापडली तेव्हा तिचा काहीच उपयोग नाही, हे त्यांच्या लक्षात आले. हँडब्रेक गंजून बसला होता. पाचसहा मुलांनी ढकलून पाहिले, पण चाके फिरेनात. शेवटी लोडरवाला परत आला, आणखी दोघांना बोलावले आणि सगळ्यांनी मिळून गाडीचा मागचा भाग उचलून भिंतीकडे सरकवायला सुरुवात केली.

तोवर इतरांनी काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवले. चौघांनी ती खुर्ची उचलली आणि गल्लीच्या वळणापर्यंत नेली. या साऱ्यात दहा-बारा मिनिटे गेली. काका खुर्चीच्या मागे चालत होते. त्यांच्या हातात अजूनही मारुतीची किल्ली होती.

पक्षाघातात वेळेला फार महत्त्व असते. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते जितके लवकर मिळेल तितके बरे. काकू वेळेत पोहोचल्या. त्यांचा जीव वाचला, वाचाही परत आली. डावा हात मात्र अशक्त राहिला.

काकांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "दहा मिनिटं आधी आलो असतो तर हात वाचला असता का?"

डॉक्टर म्हणाले, "ते कुणालाच सांगता येणार नाही." त्यांनी काकांना धीर देण्यासाठीच तसे म्हटले असावे. पण काकांना त्या उत्तराने धीर आला नाही.

दहा तासांचा हिशेब

काकू घरी आल्यावर काकांचा भाचा भेटायला आला. तो वकिली करतो. आजवर काकांनी त्याला लोडरवर काय कारवाई होऊ शकते, हेच विचारले होते. या वेळी ते म्हणाले, "माझ्या गाडीबद्दल कायदा काय म्हणतो ते सांग."

भाच्याने सांगितले, "मामा, मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्यातलं कलम १२७ पाहा. कुठलंही वाहन सार्वजनिक जागी दहा तास किंवा त्याहून जास्त बेवारस किंवा कुणाच्या देखरेखीशिवाय उभं असलं, तर गणवेशातला, त्या हद्दीतला पोलीस अधिकारी ते उचलून नेण्याचा किंवा त्याच्या चाकाला कुलूप घालण्याचा आदेश देऊ शकतो. मोडकळीला आलेलं वाहन रहदारीला धोका ठरत असेल, तर ते तत्काळ हलवता येतं. उचलण्याचा खर्च मालकाचा, दंड वेगळा."

"दहा तास!" काका म्हणाले. त्यांनी मनातल्या मनात सात वर्षांचे तास मोजून पाहिले.

"आणि लोडर?"

"तो रोज बाहेर जातो. पण म्हणून तोही निर्दोष नाही. वाहतुकीला अडथळा होईल अशा जागी वाहन उभं करायला दहा मिनिटांचीही परवानगी नसते. वळणावर, फूटपाथवर, दुसऱ्या वाहनाच्या अगदी समोर, कुणाच्या घराचा किंवा इस्पितळाचा रस्ता अडवून गाडी लावायची नाही, हा नियमच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा साध्या गुन्ह्यांचा दंड केंद्रीय कायद्यात पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत आणि पुन्हा घडल्यास दीड हजारापर्यंत आहे."

"पण माझ्या दारासमोरची जागा?"

"दार तुमचं, मामा. दारापुढचा रस्ता सगळ्यांचा."

हे तत्त्व काही आजचे नाही. १८१२ मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस भागात एक घोड्यांची प्रवासी गाडी उतारूंची वाट पाहत रस्त्यात पाऊण तास उभी राहत असे. तिच्यावर खटला झाला. राजरस्ता म्हणजे काही कुणाच्या तबेल्याचे आवार नव्हे, असे न्यायमूर्ती एलनबरो यांनी बजावले. रस्ता जाण्यासाठी असतो, ठेवण्यासाठी नव्हे, हा विचार तेव्हापासून इंग्रजी कायद्यात रुजलेला आहे.

जपानने १९६२ मध्ये याबाबत स्वतंत्र कायदाच केला. तिथे गाडी घेताना ती ठेवायला स्वतःची जागा आहे, असा दाखला द्यावा लागतो. एकाच जागी दिवसा बारा तास किंवा रात्री आठ तास रस्त्यावर गाडी ठेवणे हा तिथे गुन्हा ठरतो. आपल्याकडेही हा विचार सुरू झाला आहे. महाराष्ट्राच्या परिवहन मंत्र्यांनी २०२५ मध्ये, पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असे धोरण बोलून दाखवले. उत्तर प्रदेशात २०२४ च्या अखेरीस महानगरपालिकांच्या शहरांत रस्त्यावर रात्रभर गाडी लावण्यासाठी रात्री शंभर आणि महिन्याला हजार रुपये शुल्क घेण्याचा प्रस्ताव चर्चेत आला. शुल्क भरले की गाडी लावण्याचा हक्क मिळेलही, पण त्यामुळे लक्ष्मी दरवाजाची गल्ली एक वीतभरही रुंद होणार नाही, हे काकांना आता कुणी सांगावे लागत नव्हते.

निरोप

गाडी काढायची, हे ठरले. पण काकांचा पाय निघेना. एक दिवस ते काकूंना म्हणाले, "आईला ग्वाल्हेरला हिनंच नेलं होतं गं."

काकू खिडकीपाशी बसून उजव्या हाताने डावी बोटे चोळत होत्या. त्या म्हणाल्या, "नेलं ना. माझ्या वेळेला मात्र आडवी आली. अहो, डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय. मला जागा हवी आहे."

काका यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाच्याला फोन केला.

एक भंगारवाला आधीच येऊन गेला होता. रोख पैसे देतो, कागदपत्रांची गरज नाही, असे म्हणत होता. भाच्याने त्याला साफ नकार दिला. असे केले तर गाडी जाते, पण सरकारी दप्तरात नाव मालकाचेच राहते. तिचे सुटे भाग किंवा नंबर उद्या कुठे वापरले गेले, तर विचारणा मूळ मालकाकडेच होते. गाडी चालू स्थितीत असेल आणि कुणी विकत घेत असेल, तर फॉर्म २९ आणि ३० भरून ती नव्या मालकाच्या नावावर करून द्यावी. निकामी झाली असेल, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी. तिथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते, ते जपून ठेवावे आणि परिवहन कार्यालयातली नोंदणी रद्द झाली की नाही, याची खात्री करून घ्यावी. काकांनी हे सारे रीतसर केले. अर्ज अर्थातच स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिला.

गाडी न्यायला ट्रक आला त्या सकाळी काकू काठी टेकत बाहेर आल्या. दसरा नव्हता, तरी त्यांनी उजव्या हाताने बॉनेटवर कुंकवाचे बोट लावले. गाडी वर चढवायला पुढे झाला तो लोडरवालाच. काकांनी त्याला चहाला थांबवून घेतले. त्याच्याविरुद्ध लिहिलेल्या अर्जांच्या प्रतींची फाईल आतल्या कपाटात होती. तिच्याविषयी काका काही बोलले नाहीत, पण त्या दुपारी त्यांनी ती बंबात घातली.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण त्याच संध्याकाळी रिकाम्या जागेत कुणीतरी दोन मोटरसायकली आणून लावल्या. काका संतापले. तिथे तुळशीच्या कुंड्या ठेवून जागा अडवावी, असे त्यांच्या मनात आले. भाचा फोनवर हसून म्हणाला, "मामा, कुंडीसुद्धा अडथळाच. आणि दुसऱ्याच्या गाडीची हवा वगैरे काढू नका, तो तुमचा गुन्हा होईल. आधी बोला. नाही ऐकलं तर पोलिसांना कळवा. गाडी हलवण्याचा अधिकार त्यांचा."

मग काकांनी गल्लीतल्या लोकांना ओट्यावर बोलावले. भाषण केले नाही. एवढेच म्हणाले, "त्या रात्री रस्ता माझ्या गाडीनं अडवला होता. उद्या कुणाच्या घरी रुग्णवाहिका येईल, ते सांगता येत नाही." त्यावर फारसा वाद झाला नाही. वाहने एकाच बाजूला लावायची, वळण मोकळे ठेवायचे, प्रत्येक गाडीच्या काचेवर मालकाचा फोन नंबर लावायचा आणि न चालणारे वाहन गल्लीत ठेवायचे नाही, असे ठरले. लोडरवाल्याने आपला लोडर दरवाजाबाहेरच्या मोकळ्या जागेत लावण्याचे कबूल केले.

हे सगळेच रोज पाळले जाते असे नाही. कधी कुणाचा पाहुणा वळणावर गाडी लावतो, आणि मग काका ओट्यावरून उठून त्याच्याकडे जातात. पूर्वी ते आवाज चढवत, आता हात जोडून सांगतात. बहुतेक लोक ऐकतात.

संध्याकाळी ऊन उतरले की काकू काठी घेऊन बाहेर पडतात. मारुती जिथे उभी असे, तिथून भिंतीच्या कडेने चालत लक्ष्मी दरवाजापर्यंत जातात आणि परत येतात. काका त्यांच्या डाव्या बाजूने चालतात.