दुसरी किल्ली

आमच्या कचेरीत दीडशेच्या वर संगणक आहेत आणि ते सगळे एका आईची लेकरे शोभावीत असे आहेत. तोच काळा रंग, पडद्यावर तेच निळे चित्र, आणि बिघाडही बहुधा तेच. या पंक्तीत माझा संगणक तेवढा उपरा. त्यावर विंडोज नाही, लिनक्स आहे. कचेरीत नव्याने आलेला माणूस माझ्या टेबलापाशी थबकतो, पडद्याकडे पाहतो आणि कोणाच्या देवघरात अनोळखी मूर्ती दिसावी तसा हळूच विचारतो, "हे काय आहे?"

हा उपरा कचेरीत शिरला तो २०२० सालच्या टाळेबंदीत. कचेरी एका रात्रीत घरोघर गेली, सर्वांना पुरतील इतकी यंत्रे नव्हती, तेव्हा ज्याच्याजवळ जे असेल त्यावर काम करावे असा हुकूम निघाला. माझ्याजवळ एक जुना लॅपटॉप होता. पुढे कचेऱ्या उघडल्या, इतर मंडळी पुन्हा कचेरीच्या यंत्रांकडे वळली. मी मात्र माझे यंत्र चालू ठेवण्याची परवानगी मागितली. ती मिळाली, पण एका कागदावर सही करून. या यंत्राच्या बाबतीत संगणक विभाग कोणतेही साहाय्य करणार नाही, असे त्यावर लिहिले होते. सही करताना मला खेद तर वाटला नाहीच. उलट थोडा अभिमानच वाटला, हे कबूल केले पाहिजे.

या अभिमानाचे मूळ आमच्या घरात आहे. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १८९० साली बडोद्यास कलाभवन निघाले. माझे आजोबा तेथे शिकले. सायकल असो, घड्याळ असो, की आजीचे शिवणयंत्र असो, बिघडलेली वस्तू ते सहसा दुसऱ्याच्या हाती देत नसत. ओसरीवर जुने धोतर पसरायचे, त्यावर एकेक भाग क्रमाने मांडायचा, आणि आम्हा मुलांना बजावायचे, "जे उघडून पाहता येत नाही, ते आपले नव्हे." लिनक्सची ओढ मला लागली ती या वाक्यामुळे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ती केवळ हौस म्हणून लिहावयास घेतली, आणि तिची सगळी कळसूत्रे कोणालाही उघडून पाहता येतील अशी ठेवली. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांवर तीच चालत आली आहे. इतकेच काय, ज्या विभागप्रमुखांनी माझ्याकडून सही घेतली त्यांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तीच होती! पण ही गोष्ट मी त्यांना कधी बोलून दाखवली नाही.

साहाय्यावाचून राहण्यात हाल कमी नव्हते. माझे काम यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिण्याचे. मी व्यवस्थित आखलेला तक्ता साहेबांच्या पडद्यावर पोहोचला की त्याची शेवटची ओळ पुढल्या पानावर जाऊन बसे. पुष्कळ शोधल्यावर कळले की, दोष माझा नव्हता आणि साहेबांचाही नव्हता. कचेरीत कॅलिब्री नावाचा टंक वापरीत. तो माझ्याकडे नसल्यामुळे माझे यंत्र भलताच टंक पुढे करी. कार्लिटो नावाचा एक मुक्त टंक आहे, त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली आहे. तो बसवला आणि तक्ता जागच्या जागी राहू लागला. एकदा नवी आवृत्ती चढवल्यावर बिनतारी जोडणीच नाहीशी झाली. तासाभराने आठवले की, यंत्र सुरू होताना मागची आवृत्तीही निवडता येते. अशा दर विजयानंतर मी आजोबांच्या ओसरीवर जाऊन बसल्यासारखा सुखावत असे. पण या विजयांनी माणूस किती आंधळा होतो, ते मला पुढे कळले.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागात फोंड्याची एक मुलगी उमेदवार म्हणून आली. नेमणूक कंत्राटी, म्हणून यंत्र तिचे तिनेच आणायचे. तिचा महाविद्यालयातला लॅपटॉप विंडोजच्या नव्या आवृत्तीला चालेना. "काका, तुमच्यासारखे माझ्यावर करून द्याल?" असे तिने विचारले, आणि मी मोठ्या हौसेने एका दुपारी तिला लिनक्स बसवून दिले. कचेरीच्या नियमाप्रमाणे सगळी तबकडी कुलूपबंद असावी लागते. तीही मी केली. सुरू करताना एक लांब परवलीचे वाक्य द्यायचे, मगच आतले काही दिसायचे. वाक्य तिने मनाशी ठरवले. तिने तोच कागद सही करून दिला. आता आमच्या पंथात दोघेजण झाले, याचा मला आनंद झाला.

तिच्याकडे काम होते ते मोलाचे. कारखान्यातले एक जुने फिटर निवृत्त होणार होते. जुन्या यंत्रांच्या ज्या खोडी कोणत्याच पुस्तिकेत नाहीत, त्या त्यांना ठाऊक होत्या. ती रोज त्यांच्यापाशी बसून ते सारे टिपून घेई. कचेरीच्या सामाईक साठ्याशी तिचे यंत्र जोडायचे माझ्याकडून राहून गेले होते. उद्या करू, परवा करू, असे चालले होते. अशात तिचे वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. ती गोव्यास गेली आणि दीड महिन्याने परतली ती वडिलांना निरोप देऊनच. टेबलाशी बसून तिने यंत्र सुरू केले. वाक्य चुकले. पुन्हा दिले, पुन्हा चुकले. तिसऱ्या प्रहरापर्यंत ती नाना शब्द जुळवून पाहत होती. शेवटी माझ्याकडे वळून ती आपल्या बोलीत इतकेच म्हणाली, "काका, आतां कितें करूं?"

मी तिला घेऊन संगणक विभागात गेलो. विभागप्रमुख गुजराती गृहस्थ, पण अस्सल बडोद्याचे मराठी बोलणारे. त्यांनी कागद पुढे केला नाही. शांतपणे सांगितले, "आमच्या प्रत्येक यंत्राची दुसरी किल्ली आमच्याकडे असते. माणूस विसरतो, आजारी पडतो, हे आम्ही धरूनच चालतो. हिची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?"

कोणाकडेच नव्हती. आणि या कुलपाला एकाहून अधिक किल्ल्या करता येतात, हे मला पक्के माहीत होते. पाच मिनिटांचे काम होते. ते मला सुचले नाही, कारण साहाय्य म्हणजे दुबळ्यांची सोय अशी माझी समजूत होऊन बसली होती. स्वतःसाठी मी धोका पत्करला, त्यात माझे मी पाहून घेतले असते. पण तिच्या गळ्यात मी केवळ माझे स्वातंत्र्य घातले आणि त्याची राखण मात्र तिला शिकवली नाही. दुःखाने भांबावलेल्या माणसाने काय करावे, याचा त्यात विचारच नव्हता.

ते वाक्य तिला आठवले नाही. निवृत्त झालेल्या फिटरांच्या घरी आम्ही चार रविवार गेलो. त्यांनी न कंटाळता पुन्हा सांगितले. पुष्कळसे परत मिळाले. पण काही गोष्टी यंत्र पुढ्यात असतानाच त्यांच्या हाताला आठवत. त्या गेल्या त्या गेल्या.

माझे यंत्र अजून लिनक्सवरच चालते, तिचेही. ते सोडावे असे आम्हा दोघांनाही वाटले नाही. मात्र मी दोन्ही यंत्रांना दुसरी किल्ली केली, ती कागदावर लिहिली, दोन पाकिटांत घालून लाखेने बंद केली आणि विभागप्रमुखांकडे नेली. "हे आमच्या नियमात बसत नाही," असे म्हणत त्यांनी पाकिटे उलटीसुलटी करून पाहिली. मग खण उघडला, दोन्ही आत ठेवली आणि खणाला कुलूप लावले.

आता आठवते की आजोबांच्या ओसरीवरचे ते धोतर आजीने अंथरलेले असे, आणि घरंगळून गेलेला स्क्रू शोधून देण्याचे काम आम्हा मुलांचे असे.