सव्वापाचची गाडी आणि शारदा

पोस्ट लांब आहे, आधीच सांगते. शाळेच्या गॅदरिंगबद्दल आहे. चार फोटो टाकून ‘खूप छान झालं’ लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण मग खरी गोष्ट राहून गेली असती.

आमची तालुक्याच्या गावातली शाळा. मी तिथेच शिकले, आता लेक तिथेच नववीत आहे. दरवर्षी गॅदरिंग म्हणजे रेकॉर्डवर बारा-पंधरा नाच, बाहेरून आणलेला डान्सवाला सर आणि भाड्याचे चमचमते कपडे. यंदा मराठीच्या बाईंनी हट्ट धरला, की मुलांनी स्वतः गायचं. ‘संगीत शारदा’मधले काही प्रवेश घेऊन चाळीस मिनिटांचा प्रयोग. आपला सांगली जिल्हा नाटकाचं माहेर. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते सांगलीतच. देवलही आपल्याच हरिपूरचे. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाचे मेसेज आपण सगळेच पाठवतो. पण आमच्या शाळेत पेटी कपाटाबाहेर आली ती कितीतरी वर्षांनी.

माझ्याकडे नऊवाऱ्या गोळा करायचं काम होतं, म्हणून मी तालमीला जायचे.

शारदेसाठी बाईंनी लेकीच्या वर्गातली एक मुलगी निवडली. गाणं शिकलेली नाही. घरी भजनी मंडळ, तेवढंच. पण आवाज लागला की वर्ग गप्प व्हायचा. दोन दिवस ती आली, तिसऱ्या दिवशी नाही. बाईंना म्हणाली, “मला नको काम. मला नाटकाची आवडच नाही.”

दुसऱ्या दिवशी मी तिला गेटजवळ गाठलं. म्हटलं, “अगं, असं का?” तर पुन्हा तेच, “आवड नाही काकू.” आणि हे बोलताना तिची नजर रस्त्याकडे.

शाळा सुटते पाचला. तिच्या गावची गाडी सव्वापाचला. त्यानंतरची पावणेआठला. तालीम पाच ते साडेसहा.

मंडळी, इथे मला माझीच लाज वाटली. कारण हे वाक्य माझं आहे. मी आठवीत असताना मीही बाहेरगावाहून याच शाळेत येत होते. समूहगीतात निवड झाली होती, चार दिवसांत सोडलं. तेव्हापासून आजवर सगळ्यांना सांगत आलेय, “मला स्टेजची भीती वाटते.” नवऱ्याला हेच सांगितलं, लेकीलाही हेच. इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. भीतीबिती काही नव्हती. गाडी होती.

मग मी एक साधं काम केलं. बाईंकडून मागच्या तीन वर्षांच्या गॅदरिंगच्या याद्या घेतल्या आणि पेन्सिलने खुणा केल्या. स्टेजवरच्या मुली जवळजवळ सगळ्या गावातल्या. बाहेरगावच्या मुली कुठे? स्वागत, रांगोळी, पाणीवाटप. म्हणजे जी कामं मधल्या सुट्टीत उरकतात ती. कोणी मुद्दाम केलेलं नाही. कोणाच्या लक्षातच आलं नाही, आणि त्यात मीही आलेच, पालक-शिक्षक संघात दोन वर्षं बसूनही.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच मलाही सुचला. तिच्या वडिलांना फोन केला, “दादा, तालमीच्या दिवशी राहू दे तिला आमच्याकडे.” ते शांतपणे म्हणाले, “ताई, तुमचं खरं हाय. पर आज तुमच्याकडं ठेवली, उद्या बाकीच्या पोरींनी कुणाकडं ऱ्हायचं? आमच्या गावच्या आठ पोरी येत्यात तुमच्या शाळेला.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एका मुलीवर उपकार करून मी मोकळी होणार होते, आणि बाकीच्या सात?

ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना एसटीचा पास मोफत आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून. योजना चांगलीच आहे, तिच्यामुळे कितीतरी मुलींची शाळा टिकली. पण पास मुलीला शाळेपर्यंत आणतो. शाळेत आल्यावर तिला काय काय मिळणार, हे शाळेचं वेळापत्रक ठरवतं. आणि वेळापत्रक आपल्या हातात असतं.

तेच घेऊन बैठकीत गेले. नववीला आठवड्याला कलेचे तास कागदावर आहेत, प्रत्यक्षात तिथे गणित चालतं. म्हटलं, तालीम त्या तासांना घ्या, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दुपारच्या गाडीपर्यंत. गणिताचे सर चिडले. “पोर्शन कोण पुरा करणार? निकाल कमी लागला की पालक मलाच विचारतात.” त्यांचं चूक नव्हतं, विचारतो आपण. पण शिक्षण हक्क कायद्यातही सहावी ते आठवीसाठी, शंभरावर मुलं असतील तर, कलेला अंशकालीन निदेशक सांगितलाय. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर कला ‘अवांतर’ मानू नका असंच लिहिलंय. कागद आपल्या बाजूने आहे, अडतं ते घड्याळापाशी.

तासभर वाद झाला. शेवटी मुख्याध्यापकांनी सहा आठवड्यांसाठी मान्य केलं. आणि त्यांनीच पुढचं सुचवलं, गॅदरिंग संध्याकाळी सहाऐवजी सकाळी अकराला करू. संक्रांतीनंतरच्या शनिवारी, वाङ्मय मंडळाच्या तिळगूळ मेळाव्याला जोडून.

तालमीतही मजा आली. शारदेचं लग्न तिचा बाप पैशासाठी म्हाताऱ्याशी लावायला निघतो, हे वाचून मुली भडकल्या. कुणीतरी विचारलं, शारदा कायदा याच नाटकावरून का? बाईंनी सांगितलं, नाही, तो हरबिलास सारडांच्या नावाचा, १९२९ चा. नाटक १८९९ चं. त्या कायद्यात मुलीचं वय किमान १४ होतं. नववीच्या वर्गात एकदम शांतता. मग एक म्हणाली, “म्हणजे आत्ता आपण चालणार होतो!” सगळ्या हसल्या, पण नंतर त्या प्रवेशाला जो आवाज लागला तो आधी लागत नव्हता.

मेळाव्याच्या दिवशी पटांगणात भडंग, भेळ, तिळाच्या वड्यांचे गाळे. वाङ्मय मंडळाचं हस्तलिखित दोरीला टांगलेलं. कांचनभटाचं काम करणारी मुलगी मिशी लावून भेळ खात फिरत होती. एके काळी पुरुष शारदा व्हायचे, आता मुलगी कांचनभट.

सकाळचा प्रयोग, त्यामुळे लाइट नाहीत, अंधार नाही. पडद्याच्या फटीतून ऊन शारदेच्या तोंडावर. पाहुणे कुजबुजले, “संध्याकाळी जास्त उठाव आला असता.” आला असता. पण संध्याकाळी मागच्या रांगेत डोक्यावर पदर घेतलेल्या बाया बसल्या नसत्या, टोपीवाले आजोबा बसले नसते. समोरच्या पोरीचा आवाज चढला तेव्हा तिचे वडील मान खाली घालून बसले होते. आई मात्र सरळ बघत होती. गाण्यात तिसऱ्या ओळीला मुलगी चुकली, पेटीवाल्या मुलाने सांभाळून घेतलं. आठजणींच्या कोरसमध्ये पाच बाहेरगावच्या होत्या.

दुपारी सगळे आपापल्या गाडीने घरी.

इथे पोस्ट संपवता आली असती. पण सोमवारी लेक घरी येऊन म्हणाली, “आई, कलेच्या तासाला परत गणित सुरू झालं.” सहा आठवडे संपले होते, कबूल तेवढंच होतं. ती मुलगी आता दहावीत जाईल आणि दहावीला नाटक नसतं. म्हणजे तिच्या वाट्याला हा एकच प्रयोग. तिच्या मागे सातवी-आठवीत असणाऱ्या, सव्वापाचची गाडी पकडणाऱ्या मुलींचं काय?

जूनमध्ये नवीन वेळापत्रक लागेल. त्याआधीच्या बैठकीला मी जाणार आहे आणि मला एकटीने जायचं नाही. इथल्या पालकांना एकच विनंती. आपल्या शाळेच्या गॅदरिंगची यादी मागा, पेन्सिल घ्या, कोण स्टेजवर आणि कोण पाणी वाटतंय ते बघा. आणि एखादी मुलगी “मला आवड नाही” म्हणाली, तर आधी तिच्या गाडीची वेळ विचारा.