समुद्रपूरला समुद्र नाही!

आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी स्विमसूट पॅक करायला नको. समुद्रपूरला समुद्र नाही. नागपूर-हैदराबाद हायवेवर जामच्या चौकात उतरायचं, कडक चहा घ्यायचा आणि पुढची गाडी पकडायची. दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन. तालुक्यातच गिरडची टेकडी आणि तिथला शेख फरीदबाबांचा दर्गा. अरबी समुद्र इथून सहाशे किलोमीटरहून लांब!

आणि तरीही मी इथे आले ती समुद्रामुळेच.

माझा एक मित्र मूळचा समुद्रपूरचा. नोकरी मुंबईत. लहानपणी वणा नदीवर गळ टाकून मासे धरलेले, त्यामुळे पाण्याची भीती अशी नाहीच. गेल्या जुलैत ऑफिसची गँग, नवीकोरी फिशिंग रॉड आणि कोकणातला एक मस्त कातळ असा वीकएण्ड ठरला. पाऊस भुरभुरत होता, कातळ कोरडा होता. अर्धा तास सगळं छान. मग एक लाट आली. आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी. रॉड गेली, चष्मा गेला, गुडघा फुटला. मागच्या मित्राने शर्टाची कॉलर पकडली, म्हणून हा आज ही गोष्ट सांगतोय.

घरी आईला ‘बाथरूममध्ये पडलो’ असं सांगितलेलं. आम्ही ओसरीवर बसलो असताना माझ्या तोंडून खरं निसटलं. आई काहीच बोलली नाही, उठून आत गेली. बाबा मात्र बोलले, ‘काहून रे पोट्ट्या, नदी कमी पडली का तुले?’

गोची नेमकी इथेच आहे. नदीचं शहाणपण समुद्रावर चालत नाही. पूर येतो तो एका दिशेने आणि पाणी बहुतेक वेळा आधी गढूळ होऊन इशारा देतं. समुद्राची लाट शेकडो किलोमीटरवरच्या वाऱ्याने तयार होते. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी ती येतेच. बऱ्याच लहान लाटांनंतर दोन-तीन मोठ्या येतात आणि आपण तोवर निर्धास्त झालेलो असतो. एक घनमीटर समुद्राचं पाणी म्हणजे एक टनाहून जास्त वजन. शेवाळलेल्या खडकावर तुमचे महागडे शूज त्याच्यापुढे काय टिकणार? त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असेल, तर परतीची वाटच पाण्याखाली जाते.

अर्थात गोडं पाणीही माफ करत नाही. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात बोट उलटून तरुण बुडाले. त्याआधी मोबाईलवर लाइव्ह सुरू होतं. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या दिवसांत जुहूला मुलं वाहून गेली. पाणी वेगळं, पण ‘आपल्याला काय होतंय’ हा विचार तोच.

कोळ्यांकडे बघा. जूनपासून दोन महिने तरी यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीसाठी आणि माणसांच्या जिवासाठीही. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते किनाऱ्यावर बसून जाळी दुरुस्त करतात, आणि आपण शनिवार-रविवारसाठी तिथे घुसतो!

तर गरवायला जायचंच असेल, तर नारळी पौर्णिमेनंतर जा. गावातल्या कोळ्याला विचारा. भरतीची वेळ बघा. आधी वीस मिनिटं लांबून लाटा पाहा. खडक ओला दिसला तर पाणी तिथवर पोचतंय. पाठ समुद्राकडे नको, लाइफ जॅकेट हवंच. कुणी पडलंच तर मागे उडी मारू नका. दोरी, रिकामा कॅन, तरंगेल ते फेका आणि ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ फिरवा.

गंमत म्हणजे, उंच लाटांचे इशारे देणारी ‘इन्कॉइस’ ही संस्था हैदराबादला आहे. म्हणजे जामवरून जाणाऱ्या याच रस्त्याच्या पुढच्या टोकाला, तीही समुद्रापासून लांबच. तिचा अंदाज मोबाईलवर फुकट दिसतो.

निघताना आईने डब्यात चिवडा भरला. मित्राला म्हणाली, ‘आता जाशीन तवा सांगून जाजो.’ त्याने मान हलवली. नवी रॉड अजून घेतलेली नाही.