मांडी घालता येईल असा पाय

पेढीवरच्या गादीवर मांडी घालून बसणे, मंदिराच्या पायरीशी पादत्राणे काढून आत जाणे, सामायिकासाठी जमिनीवर आसन टाकणे, हे सारे करताना पायांचा विचार कोणाच्या मनात येत नाही. अपघाताने पाय गमावलेल्या माणसाला मात्र साठ वर्षांपूर्वी यांतले काहीच धड करता येत नसे. रुग्णालयातून मिळणारा कृत्रिम पाय पाश्चात्त्य धर्तीचा, बुटासाठी घडवलेला असे. घोटा जवळजवळ ताठ. बूट उतरवला की त्या पायाचा उपयोग सरला, आणि उकिडवे बसण्याचे नावच नको. बूट घालून मंदिरात जाता येत नाही आणि बुटावाचून चालता येत नाही, अशा कोंडीत सापडलेला माणूस शेवटी तो पाय घराच्या कोपऱ्यात ठेवून पुन्हा कुबड्या हाती घेई.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातील अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांना हे कुबड्या घेऊन परतलेले रुग्ण अस्वस्थ करीत. शस्त्रक्रिया उत्तम झालेली, जखम भरलेली, पाय बसवून दिलेला. वैद्यकाच्या हिशेबात खाते पूर्ण झाले होते. तरीही रुग्ण शेतात जाऊ शकत नव्हता.

डॉ. सेठी यांचा जन्म १९२७ मध्ये वाराणसीत झाला. वडील बनारस हिंदू विश्वविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. आग्र्याला वैद्यकीय शिक्षण आणि १९५४ मध्ये एडिंबरोची एफआरसीएस पदवी, असा मार्ग सरळ होता. जयपूरला ते आले ते सामान्य शल्यचिकित्सक म्हणून. अस्थिविभाग उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा त्या शाखेचे स्वतंत्र प्रशिक्षण त्यांच्यापाशी नव्हते. जे शिकायचे ते रुग्णांपासून आणि पुस्तकांतून. कदाचित म्हणूनच पुढे एका कारागिराकडून शिकताना त्यांना कमीपणा वाटला नसावा.

तो कारागीर म्हणजे रामचंद्र शर्मा, रुग्णालयातले ‘मास्टरजी’. शालेय शिक्षण बेताचेच, पण हातात पिढीजात कसब. रुग्णांना हस्तकला शिकवण्याच्या निमित्ताने ते रुग्णालयात आले आणि लाकडी, कातडी अवयवांचे काम पाहू लागले. सायकलचे चाक पंक्चर झाले म्हणून ते एका दुकानाशी थांबले, तिथे मालमोटारीच्या झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवताना पाहिले आणि मनात पायाची कल्पना आली, अशी हकीकत सांगतात. रबर उष्णतेने पक्के करण्याची ती पद्धत गल्लोगल्लीच्या दुकानदारांना ठाऊक होती. पायासाठी ती वापरावी असे मात्र तोवर कोणाला सुचले नव्हते.

नुसते भरीव रबर जड आणि ताठ होई. मग आत स्पंजासारख्या हलक्या रबराचे ठोकळे, मध्ये लाकूड, आणि वरून कातडीच्या रंगाचे पक्के रबर, अशी रचना ठरत गेली. कसा वाकला पाहिजे, कुठे दबला पाहिजे, हे मानवी पायाच्या रचनेवरून डॉ. सेठी सांगत, साचा, जाडी आणि जोड मास्टरजी शोधीत. डॉ. कासलीवाल, डॉ. उदावत यांच्यासारखे सहकारीही त्यात होते. १९६८ च्या सुमारास जो पाय तयार झाला तो वर वाकत असे, बाजूला कलत असे, थोडा फिरतही असे. चिखलात भिजला तरी बिघडत नसे. आणि तो दिसायला पायासारखाच असल्यामुळे बुटाची गरज उरली नाही. डॉ. सेठींनी त्याचे पेटंट घेतले नाही. व्यापारी कुटुंबांना हा आकडा न मांडताही कळेल.

तरी पहिली काही वर्षे हा पाय मोजक्याच लोकांपर्यंत पोहोचला. शोध लागणे आणि तो गरजूच्या दारी जाणे यांत फार अंतर असते. ते अंतर ज्यांनी कमी केले ते देवेंद्रराज मेहता, पुढे सेबीचे अध्यक्ष म्हणून शेअर बाजाराशी संबंध असलेल्या प्रत्येक घराला माहीत झालेले. १९६९ मध्ये राजस्थानातील एका मोटार अपघातात त्यांचा पाय कापावा लागतो की काय, अशी वेळ आली होती. पाय वाचला. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या पार्श्वभूमीवर १९७५ मध्ये त्यांनी जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. पाय विनामूल्य, आणि शक्यतो एका फेरीतच बसवून द्यायचा. दूरगावच्या मजुराला पुन्हापुन्हा येण्याचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी परवडत नाही, हा हिशेब त्यात होता. आपल्याकडे औषधदानाची मोठी परंपरा आहे. औषधापाशी येणाऱ्याची रोजी बुडू नये, एवढा पुढचा विचार मात्र त्या परंपरेतही सर्वत्र आढळत नाही.

१९८१ मध्ये डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार आणि पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी मुंबईच्या तरुण नर्तकी सुधा चंद्रन यांचा पाय तमिळनाडूतील बस अपघातानंतर कापावा लागला. त्या डॉ. सेठींकडे आल्या. चालण्यासाठी पाय मागणारे शेकडो येत. या नृत्यासाठी मागत होत्या. प्रत्येक त्रासदायक हालचाल पाहून पाय पुन्हा दुरुस्त करावा लागला. १९८४ मध्ये त्या रंगमंचावर परतल्या.

एक गोष्ट मात्र सलते. मॅगसेसे पुरस्कार एकट्या डॉ. सेठींच्या नावाने आला. मास्टरजींचे नाव पुष्कळ काळ केवळ जाणकारांपुरते राहिले. पदवीच्या आणि हाताच्या कामाला समाज एकाच तराजूत तोलत नाही. पेढीवरच्या हिशेबनिसाला आणि कोठारातल्या हमालाला तरी आपण कुठे तोलतो?

शासकीय सेवेनंतर डॉ. सेठी जयपूरच्याच संतोकबा दुर्लभजी रुग्णालयात रुग्ण पाहत राहिले. ते रुग्णालय जवाहिऱ्यांच्या घराण्याने उभारलेले आहे. ६ जानेवारी २००८ रोजी त्यांचे निधन झाले. त्या पायाला नाव आहे ते शहराचे. ना डॉक्टरांचे, ना मास्टरजींचे.