शिंपल्याला लागणाऱ्या वस्तू

शिंपला. गोड्या पाण्यातला. वाट्यावर मिळणाऱ्या शिवल्या, खडकावरून फोडून काढलेली कालवं ही खाऱ्या पाण्यातली मंडळी. त्यांची यादी निराळी करावी लागेल. गोड्या पाण्यातल्या शिंपल्याला मीरा-भाईंदरच्या बाजारात वाटा नाही आणि भावही नाही. त्यामुळे तो आहे की गेला, याची चौकशी करायला कुणाला कारण पडत नाही.

गोडं पाणी. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला समुद्र, मध्ये मिठागरं आणि जाफरी खाडी, असा हा मुलूख. गोडं पाणी उरलं ते गावतळ्यांत: नवघर, गोडदेव, राई, मुर्धा, मोर्वा, काशीमिऱ्याचं जरीमरी. आणि पूर्वेच्या डोंगरातून, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून, उतरणाऱ्या ओढ्यांत. त्यात नाव घ्यावं अशी चेण्याची नदी. नदी म्हणायचं ते पावसाळ्यापुरतं. होळी झाली की तिचे डोह तेवढे मागे राहतात.

जाती. आपल्याकडे दोन घराणी नेहमीची. लॅमेलिडेन्स लांबट, पातळ कवचाचा, चिखलात सुखाने राहणारा. त्यातल्या मार्जिनॅलिस जातीचं वर्णन लामार्कने १८१९ साली केलं. पॅरेशिया आखूड, जाड कवचाचा, वाळू आणि वाहतं पाणी मागणारा. खडकवासल्याचं नाव लावणारी एक जातही आहे, १९६६ साली वर्णन झालेली. त्याच्या कितीतरी आधी, तीन हजार वर्षांमागे, घोड नदीकाठी इनामगावात लोक नदीचे शिंपले गोळा करत होते. उत्खननात टरफलं निघाली.

एक नग, माझ्या टेबलावर. उल्हास नदीच्या वरच्या अंगाचा, बदलापूरकडचा. लांबी साधारण चार बोटं. बाहेरून काळपट तपकिरी साल; बिजागरीजवळ ती झिजून खाली पांढरा चुना उघडा पडला आहे. कवचावर कडेकडेने वाढीच्या रेषा, काही दाट, काही विरळ. आत निळसर चकाकी, आणि दोन टोकांना स्नायू चिकटले होते त्याचे गुळगुळीत ठसे. दोन्ही शिंपा अजून एकमेकींना धरून आहेत, पण उघड्या. बिजागरीचा ताण कवच उघडू पाहतो, आतले स्नायू ते मिटून धरतात. जीव गेला की स्नायू सुटतात आणि कवच आपसूक उघडतं. मिटलेला शिंपला जिवंत, हा स्वयंपाकघरातला नियम नदीतही चालतो.

श्वास. जिवंतपणी तो वाळूत तिरका रुतून बसतो. वर दिसतात दोन फटी. एकीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. त्या पाण्यातलं शेवाळ, जिवाणू, कुजलेले कण हे त्याचं जेवण. पाणी गाळून स्वच्छ करणं हा त्याचा हेतू नव्हे, ते आपोआप होतं. फुकटचं म्हणून आपण ते हिशेबात धरलं नाही.

मासा. ही यादीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू, आणि शिंपल्याचा विचार करताना हटकून विसरली जाणारी. मादी आपली पिल्लं स्वतःच्याच कल्ल्यांत वाढवते आणि मग पाण्यात सोडते. ती साध्या डोळ्यांना जेमतेम दिसतात. त्यांना पोहता येत नाही, स्वतःचं खाता येत नाही. ठरावीक वेळात एखाद्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिमटा घेऊन लटकायला मिळालं तर ठीक, नाहीतर संपलं. माशाची कातडी त्यांच्यावर वाढते, तिच्या आड ती काही दिवस-आठवडे राहतात, रूप बदलतात, मग गळून तळाशी पडतात. शिंपल्याचं पुढचं आयुष्य तिथून सुरू. कुठलाही मासा चालतो असंही नाही. बऱ्याच जातींची पसंती ठरलेली असते. तलावात सोडलेला तिलापिया दिसायला मासाच, पण तो इथल्या शिंपल्याचा वाहक होईल हे गृहीत धरता येत नाही.

वलगण. पहिल्या मोठ्या पावसात खालचे मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात. लोक टोपल्या, जाळी, असेल ते घेऊन पाण्यात उतरतात. शिंपल्याला वरच्या अंगाला जायचं तर हीच गाडी. स्वतःच्या पायाने तो काही वाव सरकेल, वाळूत एक चर सोडत. वाटेत सिमेंटचा बंधारा आला, किंवा रस्त्याखालचा पाइप तळापासून हातभर उंच राहिला, की मासा थांबतो आणि त्याच्यावर बसलेलं पिल्लूही.

वाळू. नुसती नव्हे, दाण्यादाण्यांत पाणी खेळेल अशी. माशावरून गळालेला बाळशिंपला पहिला काळ वाळूच्या आत पुरून काढतो. प्राणवायू त्याला फटींतूनच मिळतो. डोंगर खोदल्याची माती, बांधकामाचा राडारोडा, सांडपाण्याचा काळा साका त्या फटी बुजवतो. मोठा शिंपला कवच मिटून वाईट दिवस काढू शकतो, बाळाला ती सोय नाही.

वाळूचा हिशेब शहराकडे वेगळ्या खात्यावर निघतो. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ च्या जनगणनेत १,७५,६०५ होती, २००१ मध्ये ५,२०,३८८, २०११ मध्ये ८,०९,३७८. एवढी घरं रेतीशिवाय उभी राहत नाहीत. वसईच्या खाडीतून ती आधी बोटींनी, मग सक्शन पंपांनी उपसली गेली. ती खाडीची रेती, गोड्या पाण्याच्या शिंपल्याची नव्हे. पण वाळू ही तळाची वस्ती असते असं शहराला कधी वाटलंच नाही, त्याचा हा पुरावा.

डोह. उन्हाळ्यातला आसरा. पंप लावून डोह उपसला की एका दुपारीत सगळं उघडं.

सावली. काठची झाडं. काठ सुशोभित करायचा म्हटलं की आधी यांच्यावर कुऱ्हाड येते, नंतर तिथेच कुंड्या लागतात. चेण्याच्या काठासाठीही अशी योजना आली.

गावतळ्याचा चिखल. लॅमेलिडेन्सला एवढंच पुरतं. तळ्याला चारी बाजूंनी दगडी भिंत, मध्ये कारंजं, कडेने फरशी, आणि गणपतीनंतर तळाशी बसणारा प्लास्टरचा थर. गाळ काढतात तेव्हा पोकलेनच्या बादलीतून काय काय ट्रकमध्ये गेलं, ते बघायला कुणी उभं राहत नाही. कारंज्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट पाण्यात हवा मिसळते. तक्रार फरशीची आहे.

नळाचं पाणी. हेही यादीत हवं. या शहराला पुरेसा स्वतःचा साठा नाही. शहाड-टेमघरची योजना उल्हासचं पाणी आणून देते. वरच्या अंगाच्या नदीतल्या शिंपल्यांनी गाळलेलं थोडं पाणी आपल्या हंड्यातही येतं. गावचा ओढा मात्र नाला म्हणून नोंदला गेला. पाणी लांबून येऊ लागलं की जवळचं कुणी पीत नाही, आणि जे कुणी पीत नाही त्यात काहीही सोडता येतं.

मोती. एवढ्या वजाबाकीत ही एक बेरीज. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने याच लॅमेलिडेन्समध्ये मोती पिकवण्याचं तंत्र बसवलं, आणि महाराष्ट्रातही शेततळ्यांत मोतीशेती सुरू झाली. शिंपल्याला प्रथमच नगावर किंमत आली. पण मोतीवाल्याला लागतो तो मोठा, भरलेला शिंपला, आणि तो बहुधा नदी-तलावातूनच उचलला जातो. म्हणजे विणारे आधी जातात.

म्हातारे. युरोपातला नदीचा मोतीशिंपला शंभर वर्षांहून जास्त जगतो. तिथल्या कित्येक नद्यांत तळ शिंपल्यांनी भरलेला दिसायचा, आणि नीट पाहिलं तर सगळे वयस्क; मागच्या काही दशकांत एकही पिल्लू तगलेलं नाही. मासा गेला, वाळू बुजली, आणि मोठे आपले श्वास घेत बसलेले. आपल्या जाती इतक्या दीर्घायुषी नाहीत, त्यामुळे हा मधला काळ आपल्याकडे आखूड. पण क्रम तोच. शिंपला मरतो त्याआधीच त्याचा वंश संपलेला असतो, आणि ‘अजून आहेत की’ म्हणणारा माणूस खरंच बोलत असतो.

म्हणून चेण्याला जाऊन बघायचंच असेल तर बोटभर शिंपले मोजून समाधान मानू नये. ओढ्याचा वरचा भाग राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथे वनखात्याची परवानगी लागते. उद्यानाभोवतीचा पट्टाही डिसेंबर २०१६ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे. खालच्या अंगाला भरतीचं पाणी कुठवर चढतं ते आधी पाहावं, त्याच्या वरच शोध घ्यावा. थंडीत पाणी निवळलेलं असतं, डोह अजून एकमेकांना जोडलेले असतात. पिठाची नको, रवा चाळायची चाळण घ्यावी, डोहाच्या तोंडाशी ओंजळभर वाळू उचलावी, पाण्यातच हलवावी, आणि नखाएवढा एखादा शिंपला निघतो का ते पाहावं. निघाला तर त्याच जागी परत ठेवावा, आणि आजूबाजूला मासे कोणते आहेत ते लिहून घ्यावं.