धडा बदलण्याची मुभा

इंग्रजी शिकवणाऱ्याला आज साहित्याची वाण नाही. ब्रिटिश कौन्सिलच्या संकेतस्थळावर आखीव पाठटाचणं, गाणी, ऐकण्याचे उतारे आहेत. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. २०१७ पासून ‘दीक्षा’ हा सरकारी मंच आहे. हे सगळं फुकट. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची कल्पना तर आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजली. तिथे शिकवणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना अशा कामासाठी २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली. मला त्यांच्या कामातली एक गोष्ट कोडपेक्षाही मोठी वाटते: कोडमागचा मजकूर त्यांनी समोरची मुलं बघून तयार केला होता.

कारण उतरवून घेतलेला धडा जसाच्या तसा वर्गात चालत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या मराठी शाळेत निम्म्या बाकांवर तेलुगू घरातली मुलं असतात, काही कानडी, काही उर्दू बोलणारी. तेलुगूत बहुतेक शब्दांच्या शेवटी स्वर येतो, म्हणून ‘बस’चं ‘बस्सु’ होतं, ‘बुक’चं ‘बुक्कु’. शेजारचा पोरगा ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणतो. उच्चारांचा परदेशी सराव ऐकवला तर त्यात या दोघांची अडचण कुठेच नसते. मग तो उतारा बाजूला ठेवून ‘बस, बुक, कप’ अशी यादी मी स्वतः करते आणि शेवटचं व्यंजन तिथेच तोडून दाखवते. तोंड बघितल्याशिवाय, नुसतं ऐकून मुलांना ते कळत नाही.

चालू वर्तमानकाळाच्या तयार पानावर कोणी बर्फात खेळतंय, कोणी कुत्र्याला फिरायला नेतंय. रचना चांगली आहे, ती मी ठेवते, माणसं बदलते. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहे, आजोबा मागावर बसलेत, ताई टॉवेलला शिलाई मारते आहे. ‘माय मदर इज रोलिंग बिडीज’ हे वाक्य कधी कोणाला पाठ करावं लागलं नाही. झेरॉक्सचा खर्च मुलांवर घालायचा नाही, म्हणून चित्रं फळ्यावरच काढायची. वर्गात नेटचा भरवसा नसतो, तेव्हा ध्वनिफीत घरूनच मोबाईलमध्ये घ्यायची.

म्हणून मला ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ फार जवळचं आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या मंचावर गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा आमच्या वर्गातल्या सगळ्या भाषा आहेत, आणि तिथला परवाना गोष्ट बदलायची, सोपी करायची, भाषांतरित करायची मुभा देतो. मुख्य अट ही, की मूळ लेखक-चित्रकारांचं नाव द्यायचं. तीच गोष्ट आधी घरच्या भाषेत वाचलेलं मूल इंग्रजीतल्या अनोळखी शब्दापाशी अडत नाही, पुढे जातं. फुकट मिळण्यापेक्षा ही मुभा कितीतरी मोलाची आहे, असं माझं ठाम मत आहे.

या शहरातल्या अनेक शिक्षकांच्या वह्यांत असे बदललेले धडे पडून आहेत. त्यांना माझी कळकळीची विनंती: ते टंकून घ्या, मूळ नावं लिहा आणि सर्वांसाठी खुले करा.