टँकरच्या गावी

मस्कतला वर्षाकाठी जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो, तरी आमच्या नळाला चोवीस तास पाणी असते. समुद्राचे खारे पाणी गोडे करून ते घरोघर येते. माझे माहेर धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात. तिथे याच्या कितीतरी पट पाऊस पडतो. पण 2024 च्या मे महिन्यात मुलांना घेऊन गेले, तेव्हा वेशीपाशी टँकरची वाट बघत घागरींची रांग लागली होती.

मुंबईहून लातूर एक्सप्रेसने गेलो. कुर्डुवाडीपासूनच्या याच रुळांवरून 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली होती. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. मांजरा धरण तेव्हा आटले होते. हे सांगितल्यावर धाकटी म्हणाली, "आई, पाणी रेल्वेने जातं?"

आदल्या वर्षीचा ऑगस्ट कोरडा गेला आणि आमच्याकडचे सोयाबीन उभे वाळले. विहिरीला पाणी नाही, म्हणून हरभराही पेरला नाही. हे मला फोनवर कळत होते. दर शुक्रवारी मी विचारायची, "पाऊस झाला का? पैसे पोचले का?" दादा म्हणायचा, "सगळं बरं हाय."

माझी चुलतवहिनी गावची आशा कार्यकर्ती. एक सकाळ तिच्याबरोबर फिरले. शेतकरी आत्महत्या जास्त होत असलेल्या मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांसाठी राज्याच्या आरोग्य विभागाने 2015 साली 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशांनी घरोघर विचारपूस करायची, कुणी खचलेले दिसले तर त्याला आरोग्य केंद्रात पाठवायचे. गरज पडली तर पुढे जिल्हा रुग्णालयात समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ.

मी आठ वर्षे मराठी शिकवले. 'नैराश्य' या शब्दाचे समानार्थी शब्द मुलांकडून पाठ करून घेतले. वहिनीने तो शब्द एकदाही उच्चारला नाही. ओसरीवर टेकायची, पाणी मागायची, मग हळूच, "मामा, जेवण ग्वाड लागतंय का? झोप लागती का? चार माणसांत बसू वाटतंय का?" एक आजोबा म्हणाले, "डोकं गच्च झालंय बघ, पोरी." तिने ते वहीत लिहून घेतले.

अडचणी आहेतच. जिल्ह्याला जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि दिवसाचा रोज बुडतो. शिवाय 'येड्याच्या डॉक्टरकडं' जाताना कुणी बघितले तर? मी विचारले, "वहिनी, कर्जाचं काय? ते तर तसंच राहतं."

"कर्ज काय माझ्यानं फिटायचं न्हाई. पर माणूस रातभर जागा हाय, हे कुणाला तरी ठावं पाहिजे."

घरी येताना ती थांबली. "तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. जानेवारीत भावजींना मीच धाराशिवला नेलं होतं. दोन महिने झोपच नव्हती त्यांना."

त्या दोन महिन्यांत मी आठ-नऊ वेळा तरी फोन केला होता.

रात्री अंगणात बाज टाकून बसलो, तेव्हा मी दादाला विचारले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू तिकडं परमुलखात. तुला कशाला घोर लावायचा? आता गोळ्या चालू हायत. झोप लागती." वहिनी दर आठवड्याला येऊन बसते, असेही सांगितले. मला रडू आले, ते मी अंधारात आवरले.

त्या वर्षी पुढे पाऊस भरपूर झाला. इतका, की सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात अतिवृष्टीने पिके पाण्याखाली गेली. म्हणजे घोर संपत नाही, नुसता बदलतो.

आपल्यापैकी अनेकांची गावाकडे अशी माणसे आहेत. 14416 हा टेलिमानसचा क्रमांक भारतात कुठूनही मोफत, रात्रंदिवस लागतो आणि मराठीत बोलता येते. तो घरच्यांना जरूर कळवा. पण त्याआधी आपण विचारायला हवे. आता मी शुक्रवारी फोन केला की पैशांचे शेवटी काढते. आधी विचारते, "दादा, झोप लागती का?"

परवा तो हसून म्हणाला, "लागती गं. तुला लागती का?"